स्टिल्टमधलं कर्लिंग: अर्जापासून पहिल्या सामन्यापर्यंत

२६ जानेवारीला झेंडावंदन उरकल्यावर आमच्या सोसायटीत कर्लिंगचा पहिला सामना झाला. कर्लिंग म्हणजे बर्फावरून मूठ लावलेला जड दगड सरकवून समोरच्या गोलात थांबवायचा खेळ. बर्फ अर्थातच नव्हता. ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनच्या एका जुन्या सोसायटीचा स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा), सिमेंटची जमीन आणि खाली गोळ्यांची चाकं लावलेल्या लोखंडी चकत्या, एवढ्यावर भागवलं. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरल्यापासून आजूबाजूच्या सोसायट्यांतून विचारणा होतेय: परवानगी कशी काढली, मापं कुठली घेतली, खर्च किती आला. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. जरा लांबेल, कारण सगळ्यात जास्त वेळ ज्यात गेला ते कागदपत्रांचं प्रकरण गाळलं तर या लिखाणाचा कोणाला उपयोग नाही.

फेब्रुवारी २०२२. तिसरी लाट ओसरत होती, ऑफिस अजून घरूनच चालू होतं आणि बीजिंगला हिवाळी ऑलिंपिक सुरू झालं होतं. २००८ साली ज्या वॉटर क्यूबमध्ये पोहण्याच्या शर्यती झाल्या, तिथेच आता बर्फ घालून कर्लिंग चाललं होतं. इटलीची स्टेफानिया कोन्स्टान्टिनी आणि आमोस मोझानर ही जोडी मिश्र दुहेरीत एकही सामना न हरता सुवर्णपदकापर्यंत गेली. ते सामने मी लॅपटॉपवर लावायचे आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, बाजूला खुर्ची ओढून बसायचे. बाबा बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांचं लक्ष स्कोअरपेक्षा बर्फातल्या रेघांवर. "अगं, ही जाड रेघ कशाला? आणि गोलाच्या मधून आडवी गेलीय ती?" मला काहीच सांगता येईना. जागतिक कर्लिंग महासंघाची नियमपुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते, ती उतरवून प्रिंट काढली आणि दोघांनी पेन्सिल घेऊन वाचली.

मैदानाचा हिशेब थोडक्यात असा. एकूण लांबी ४५.७२ मीटर, म्हणजे बरोबर दीडशे फूट. रुंदी जास्तीत जास्त ५ मीटर. दोन्ही टोकांना ‘हाउस’: १२, ८ आणि ४ फूट व्यासाची वर्तुळं आणि केंद्रात ‘बटन’. केंद्रातून आडवी जाते ती टी लाइन, मैदानाच्या मध्यापासून ५७ फुटांवर. हाउसच्या मागच्या कडेला चिकटून बॅक लाइन. पुढच्या बाजूला, टी लाइनपासून २१ फुटांवर, चार इंच जाडीची हॉग लाइन. आणि मधोमध लांबीभर सेंटर लाइन, जी प्रत्येक टी लाइनच्या मागे आणखी १२ फूट जाऊन हॅकपाशी थांबते. हॅक म्हणजे दगड सोडताना पाय रोवायचा रबरी आधार.

आमच्याकडे दीडशे फूट कुठून येणार? पण आमच्या स्टिल्टमध्ये जिथे गणपती बसतो ती मोकळी पट्टी बाबांनी टेपने मोजली, तर ८२ फूट लांब आणि दोन कॉलमांच्या रांगांमध्ये साधारण अकरा फूट रुंद भरली. गाड्या तिथे लागत नाहीत. सगळी मापं निम्मी केली तर ७५ फुटांत पूर्ण मैदान बसतं. नियमपुस्तिकेत मीटर आणि फूट दोन्ही दिलेत. तुम्ही करणार असाल तर फुटांचे आकडे घ्या. ५७ चे साडेअठ्ठावीस, २१ चे साडेदहा, १२ चे सहा, निम्मे करायला सोपे पडतात आणि मिस्त्रीही फूट-इंचातच बोलतो.

मार्चमध्ये कमिटीला अर्ज दिला. सोबत बाबांनी ट्रेसिंग पेपरवर हाताने काढलेला नकाशा जोडला आणि दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड नंबर घालून पोच घेतली. ही पोच कृपा करून घ्याच. आमचा अर्ज मधल्या काळात फाइलमध्ये सापडेना, तेव्हा त्या एका शिक्क्यावर सगळं निभावलं. मग वाट बघणं सुरू झालं. दर महिन्याच्या मीटिंगनंतर वेगळं उत्तर. कधी "गणपतीच्या जागेवर रंग नको", कधी "आग लागली तर वाट मोकळी पाहिजे", कधी "पहिल्या मजल्यावर आवाज जाईल". हरकती खोट्या नव्हत्या, म्हणून प्रत्येकीला लेखी उत्तर दिलं: जमिनीवर फक्त रंग असेल, काहीही ठोकलं जाणार नाही, हॅक उचलून ठेवता येईल, खेळ रात्री आठनंतर होणार नाही. शेवटी जूनमध्ये ठरलं की विषय एजीएमला, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेला, न्यायचा.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. एजीएम ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते आणि तिची नोटीस निदान चौदा पूर्ण दिवस आधी निघते. तुमचा विषय त्या नोटिशीत छापून यायला हवा. "ऐनवेळच्या विषयांत घेऊ" असं गोड आवाजात सांगितलं जातं, पण त्या वेळेपर्यंत लोक चहा-समोशाकडे वळलेले असतात. आम्ही ऑगस्टमध्येच लेखी कळवलं. विषय नऊ नंबरला आला, लिफ्टच्या देखभालीनंतर आणि गळतीच्या आधी.

गणपती ३१ ऑगस्टला बसले, ९ सप्टेंबरला गेले, आणि २५ तारखेच्या रविवारी त्याच पट्टीवर खुर्च्या मांडून सभा भरली. लिफ्टवर दीड तास गेला. आमचा विषय निघाला तेव्हा एकाने तोडगा सुचवला, आणि तो बऱ्याच जणांना पटला: "ताई, एका टोकाला गोल काढून घ्या. एवढ्या रेघा कशाला? खर्च वाचेल."

माझ्या मते सगळा खेळ याच प्रश्नात होता. नुसता गोल काढला तर तो नेमबाजीचा खेळ होतो. संध्याकाळी मुलं येतील, चार दिवस फेकतील, पाचव्या दिवशी कोणी फिरकणार नाही. म्हणून एकेका रेघेचं काम सांगत गेले. जवळची हॉग लाइन: दगड तिच्यापर्यंत पोहोचायच्या आत हातातून सुटला पाहिजे, नाहीतर तो बाद. ऑलिंपिकमध्ये दगडाच्या मुठीतच सेन्सर असतो, उशिरा सोडला की लाल दिवा लागतो. ही रेघ नसेल तर लोक चालत गोलापर्यंत जातील आणि दगड ठेवून येतील. पलीकडची हॉग लाइन: दगडाने ती पूर्ण ओलांडली पाहिजे, नाहीतर उचलायचा. मात्र वाटेत खेळात असलेल्या दुसऱ्या दगडाला लागून अलीकडे थांबला तर राहू द्यायचा. बॅक लाइन: पूर्ण पलीकडे गेला तर बाद, जरासा जरी तिच्यावर असला तरी खेळात. कडेची रेघ: शिवली की बाद. आणि दोन्ही टोकांना हाउस अशासाठी, की एक डाव, ज्याला एंड म्हणतात, इकडून तिकडे खेळतात आणि पुढचा तिकडून इकडे. एकच गोल असेल तर प्रत्येक डावानंतर सोळा दगड उचलून परत आणावे लागतील. हे काम ज्येष्ठ मंडळींना कोण सांगणार?

बहुधा या शेवटच्या मुद्द्याने काम केलं. सगळ्या रेघांसकट ठराव मंजूर झाला. अटी: पाच हजार रुपये परत मिळणारं डिपॉझिट, तक्रार आल्यास स्वखर्चाने रंग काढून देण्याचं हमीपत्र आणि गणेशोत्सवात आमचा काही हक्क नाही. हमीपत्र तेव्हा शंभराच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीसह झालं. ते कोर्ट नाक्यावर एका सकाळीच झालं, पाचशेच्या आत. ठरावाची सहीशिक्क्याची प्रत मात्र मिनिट्स लिहून होईपर्यंत मिळत नाही. तोवर रंगाचा डबा उघडू नका.

त्या मधल्या वेळात वागळे इस्टेटमध्ये चकत्या करायला टाकल्या. खऱ्या दगडाचं वजन १७.२४ ते १९.९६ किलो असतं, घेर जास्तीत जास्त ९१.४४ सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण २९. आमचा निम्मा, साडेचौदा. बाबांनी लगेच हिशेब मांडला: लांबी-रुंदी-उंची तिन्ही निम्मी झाली की वजन एक अष्टमांश, म्हणजे साधारण २.१५ ते २.५ किलो. सोळा एमएम जाडीच्या लोखंडी प्लेटमधून तेवढी चकती कापली की दोन किलोच्या थोडी वर भरते, वर मूठ आणि खाली तीन बॉल कॅस्टर, म्हणजे गोळ्यांची चाकं, बसवले की नेमकी मापात येते. वर्कशॉपवाल्याने आधी विचारलं, "मॅडम, कुठल्या मशीनचा पार्ट आहे?" व्हिडिओ दाखवला तर त्याला खरा दगड कशाचा असतो याचीच उत्सुकता. ऑलिंपिकचे दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडच्या एल्सा क्रेग या छोट्या बेटावरच्या ग्रॅनाइटचे, हे ऐकून त्याने कॅस्टरची भोकं मापात पाडण्यात विशेष लक्ष घातलं. तिन्ही भोकं केंद्रापासून सारख्या अंतरावर नसली तर चकती डुगडुगते, म्हणून डिलिव्हरी घेताना प्रत्येक चकती काचेवर ठेवून बघा. मुठी म्हणून ड्रॉवरची हँडलं लावली, आठ लाल, आठ पिवळी. आवाजासाठी कडेने सायकलच्या ट्यूबचा पट्टा चढवला. पहिल्या मजल्यावरून अजून तरी तक्रार नाही.

आखणी दसरा ते दिवाळीच्या मधल्या आठवड्यांत केली. पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय हे काम करू नये, जमिनीतली ओल रंग धरू देत नाही. आधी ॲसिड मारून धुतलं, चांगलं वाळू दिलं, मग आखायला बसलो. क्रम महत्त्वाचा आहे. पहिली सेंटर लाइन: गेरू लावलेली दोरी दोन टोकांना ताणून टिचकी मारायची. तिच्यावर मध्यबिंदू. मध्यापासून दोन्हीकडे साडेअठ्ठावीस फुटांवर टी लाइन. काटकोनाला मिस्त्रीचा गुण्या एवढ्या लांब रेघेला पुरत नाही. तीन-चार-पाचचा त्रिकोण घ्यायचा आणि शेवटी दोन्ही टी लाइनची टोकं जोडणारे कर्ण मोजायचे. आमचे दोन्ही कर्ण सारखे भरले तेव्हा बाबांनी चहा मागवला. वर्तुळांना दोरी वापरू नका, ती ताणली जाते. लाकडी पट्टीच्या एका टोकाला भोक पाडून खिळा दाबून धरायचा, आणि तीन फूट, दोन फूट, एक फूट आणि तीन इंचांवर पेन्सिल. खिळा जमिनीत ठोकायचा नाही, हमीपत्र आठवा.

रंगाचा थर पातळ ठेवा, दोन हातांत. बर्फावर हा प्रश्नच येत नाही. तिथे वर्तुळं आणि रेघा बर्फाच्या खालच्या थरावर काढतात आणि वरून पाणी गोठवून त्या आत बंद करतात, दगड रेघेला कधी शिवतच नाही. आपल्याकडे चाक रेघेवरून जातं, थर जाड झाला तर चकती टुणकन उडते. पेंटरला हे दोनदा सांगावं लागतं, कारण त्याला रंग भरदार दिसायला हवा असतो.

एक अडचण मात्र नकाशात दिसली नव्हती. स्टिल्टच्या जमिनीला गटाराकडे ढाळ असतो. ट्यूब लेव्हल लावली तर रुंदीत पाऊण इंचाचा उतार निघाला. कर्लिंगचा बर्फ जितका सपाट करता येईल तितका करतात, आणि मग त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात, ते गोठून खडबडीत दाणे होतात. दगड तळाच्या एका अरुंद कड्यावर त्या दाण्यांवरून सरकतो आणि ज्या बाजूला फिरवला त्याच बाजूला हळूहळू वळतो. घरी स्टीलचा पेला उपडा घालून, फिरवून, ओट्यावरून सरकवून बघा, तो नेमका उलट्या बाजूला जातो. आमच्या चकत्यांना चाकं असल्यामुळे फिरकीचा काही परिणाम होत नाही, सगळ्या गटाराकडे ओढल्या जातात. जमीन पुन्हा करून घेणं परवडणारं नव्हतं. आता सगळे जण जिन्याच्या बाजूला नेम धरतात. एका टोकाकडून जो ढाळ डावीकडे, तोच दुसऱ्या टोकाकडून उजवीकडे असतो, आणि डावागणिक दिशा बदलते, म्हणून दोन्ही संघांना सारखंच सोसावं लागतं. मला तर वाटतं खेळात त्यानेच रंगत आणली.

खऱ्या खेळात दगडापुढचा बर्फ घासायचे ब्रश इथे निरुपयोगी. "झाडू कुठाय?" हा प्रश्न मात्र प्रत्येक नवा माणूस विचारतो, आणि हाउसकीपिंगच्या मावशींनी एकदा स्वतःचा देऊ केला. यामुळे आमचा खेळ नेहमीच्या कर्लिंगपेक्षा व्हीलचेअर कर्लिंगच्या जवळ गेला. तिथेही घासणं नसतं. २००६ च्या तुरिनच्या पॅरालिंपिकपासून तो खेळ आहे: खुर्ची एका जागी थांबवून, लांब काठीने दगड ढकलायचा. त्याच्यासाठी मैदानावर दोन जादा बारीक रेघा असतात, सेंटर लाइनच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटावर, हॉग लाइनपासून हाउसच्या कडेपर्यंत. त्यांच्या मधे दगड ठेवून तिथूनच सोडायचा. आम्ही त्या नऊ-नऊ इंचांवर काढल्या, कारण आमच्या सी विंगमधले एक काका व्हीलचेअर वापरतात. वर्कशॉपवाल्यानेच ॲल्युमिनियमच्या पाइपला पुढे बेचकं बसवून काठी करून दिली. गुडघ्यांच्या तक्रारी असलेल्या इतरांनी ती दुसऱ्याच दिवशी पळवली. आता काठ्या चार आहेत आणि वाकून हाताने ढकलणारी फक्त मुलं उरलीत.

नोव्हेंबर-डिसेंबर नियम शिकवण्यात गेले. गुणांची रीत लोकांना लगेच कळते: डाव संपल्यावर ज्याचा दगड केंद्राच्या सर्वात जवळ त्यालाच गुण, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वात जवळच्या दगडापेक्षा आत जेवढे आपले, तेवढे गुण. दुसऱ्याला शून्य. हाउसच्या बाहेरच्या कडेला नुसता शिवणारा दगडही धरायचा.

वेळ लागला तो गार्डच्या, म्हणजे वाटेत आडोसा म्हणून थांबवलेल्या दगडांच्या, नियमाला. हॉग लाइन आणि टी लाइनच्या मधला, पण हाउसबाहेरचा भाग संरक्षित असतो. तिथे थांबलेला प्रतिस्पर्ध्याचा दगड सहाव्या दगडाच्या आधी खेळाबाहेर घालवता येत नाही. घालवला तर त्याला जागेवर परत ठेवायचं आणि मारणाऱ्याचा दगड उचलायचा. आधी ही मुदत चार दगडांची होती, २०१८ पासून पाच झाली. आमच्याकडे मुलांना समोर दिसेल ते उडवायचं असतं, त्यामुळे हा नियम त्यांना अन्याय वाटायचा. ज्येष्ठ मंडळी मात्र यावरच खूश. दोन दगड वाटेत पेरून ठेवायचे आणि तिसरा त्यांच्या आडून हळूच आत घालायचा, यात आमच्या दोन आज्या इतक्या तरबेज झाल्यात की त्यांना वेगवेगळ्या संघांत घालावं लागतं.

हॅमरचा, म्हणजे शेवटच्या दगडाचा, डावपेच बाबांनी समजावला. चौघांच्या सामन्यात जो संघ गुण घेतो त्याचा हॅमर पुढच्या डावात दुसऱ्याकडे जातो. कोणालाच गुण नाही मिळाला तर हॅमर जिथल्या तिथे. म्हणून एक गुण घेण्यापेक्षा मुद्दाम डाव कोरा सोडणं कधीकधी फायद्याचं. "मिळत असलेला गुण सोडायचा?" यावर कट्ट्यावर आठवडाभर चर्चा चालली होती.

२६ जानेवारीला चार-चार जणांचे दोन संघ, प्रत्येकी दोन दगड. ऑलिंपिकमध्ये दहा डाव असतात, आम्ही चार ठेवले, तरी दीड तास लागला. सी विंगचे काका एका संघाचे स्किप, म्हणजे पलीकडे थांबून नेम कुठे धरायचा ते सांगणारे. चौथ्या डावाच्या शेवटी एक पिवळी चकती कडेला शिवतेय की नाही यावर गर्दी जमली. बाबांनी तीन फुटी पट्टी केंद्रात धरून फिरवली. चकतीला लागली. ४-३. पंच आम्ही नेमलेलेच नाहीत. चालती चकती पायाला लागली तर ज्याच्या पायाला लागली त्यानेच सांगायचं, अशी मूळ खेळातही रीत आहे. पाचवीतल्या एका मुलीने तिसऱ्या डावात स्वतःहून सांगितलं आणि तिच्या संघाचा दगड गेला, तेव्हा तिच्या आईचा चेहरा बघण्यासारखा होता. हरलेल्या संघाने आधी हात मिळवायचे, हेही पाळलं गेलं. मग पोहे.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: चकत्या कापणं आणि लेथचं काम ८,८०० रुपये, कॅस्टर २,८८०, हँडलं ६४०, रंग आणि मास्किंग टेप ३,३५०, पेंटरची मजुरी २,५००, स्टॅम्प पेपर आणि नोटरी मिळून ५००. एकूण १८,६७०. निम्मे कल्चरल फंडातून, निम्मे वर्गणीतून. काठ्या वर्कशॉपवाल्याने उरलेल्या पाइपांतून करून दिल्या, पैसे घेतले नाहीत. डिपॉझिट अजून सोसायटीकडेच आहे, वर्षभर तक्रार आली नाही तर परत मिळणार. देखभालीचा खर्च कॅस्टरमध्ये शिरणाऱ्या धुळीचा: महिन्यातून एकदा रॉकेलने पुसून घ्यावे लागतात, आणि खेळायच्या आधी पट्टी ओल्या नव्हे, कोरड्या मॉपने.

बाबांच्या नकाशाची निम्म्या मापाची प्रत आमच्या सोसायटी ऑफिसात ठेवली आहे. कोणाला हवी असेल तर झेरॉक्स काढून घेऊन जा, फक्त येताना सकाळी अकरा ते एकच्या मधे या. मॅनेजर त्याच वेळेत जागेवर असतो.